खालची बाजू

१

महिन्याचा पहिला रविवार आमच्या घरात टेबलाचा असतो. चहा झाला की मी त्याच्यावरची फळांची टोपली, नवऱ्याचे कागद, चष्म्यांच्या डब्या सगळं उचलते आणि मऊ ब्रशनं धूळ काढते. ब्रश लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच फिरवायचा, आडवा नाही. मग कोमट पाण्यात फडकं बुडवून ते इतकं पिळायचं की थेंब पडता कामा नये. लाकूड पुसायचं असतं, त्याला आंघोळ घालायची नसते. साबण तर नाहीच. लगेच कोरडं फडकं फिरवून अर्धा तास थांबायचं. त्यानंतर बोटाच्या पेरानं सगळीकडे ठोकत जायचं आणि ऐकायचं. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर आत किडा लागलाय. शेवटी अळशीचं तेल आणि मेण, अगदी थोडं, आणि दंड भरून येईपर्यंत चोळायचं. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही, ते आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवायचं.

हे सगळं बाबांनी शिकवलेलं. माझे बाबा सुतार. पन्नास वर्षं त्यांनी पाडलेल्या इमारतींमधलं जुनं लाकूड आणून त्याचं सामान केलं. नव्या लाकडाला ते नाकं मुरडायचे. "नवीन फळी उद्या कुठे वाकेल, देव जाणे," म्हणायचे. "जुनीचं वाकून-बिकून झालेलं असतं."

आमचं टेबल म्हणजे असंच एक दार. कुठल्या घराचं, ते बाबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चांगलं चार बोटं जाड, यंत्राची एक खूण नाही. कुणीतरी निव्वळ हातरंध्यानं ते इतकं सपाट केलं होतं, की बाबा त्यावरून तळवा फिरवता फिरवता गप्प झाले. दुसऱ्याच्या कामापुढे बाबांची बोलती बंद झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दाराचं टेबल करायचं तर आधी त्याची कडी काढायची, हा बाबांच्या धंद्यातला नेम. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. वस्तादांनी सांगितलं म्हणून ते काढायचे. पण ही कडी पितळी होती, आडवी सरकणारी, आणि इतकी नेटकी बसवलेली की बोट लावलं की आवाज न करता सरकायची. मला ती फार आवडली. "राहू द्या ना, बाबा," मी म्हटलं. "खालच्या बाजूला कुणाला दिसणार आहे?" माझ्या शब्दाखातर त्यांनी ती राहू दिली.

माझा नवरा टेबलाला मेहुणी म्हणतो. "सासरेबुवांना दोन मुली," तो पाहुण्यांना सांगतो, "थोरली माझ्या गळ्यात मारली, धाकटी ही. हिची बडदास्त जास्त, पण उलट बोलत नाही."

तेलाच्या कामात बाबांची एक गोष्ट कधी बदलली नाही. मी चार वर्षांची असल्यापासून ते कडेची वीतभर पट्टी कोरडी सोडायचे. "ही तुझी, इथे तेल तू लाव," म्हणायचे. माझे केस पिकायला लागले तरी ती पट्टी सुटतच राहिली.

२

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले आणि गेल्या वर्षी त्यांच्या हातांना कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, सवय करून घ्या. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा सांडायचा. मग बाबा आमच्यासमोर जेवेनासे झाले, आणि हळूहळू पाठीमागेही. पेन्सिल कानामागून गेली, खिशातली फूटपट्टी गेली. खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहायचे. हात गेले तसे मागोमाग बाबाही चालले होते, आणि मला ते नको होतं. बाकी काही मागणं नव्हतं माझं. मला बाबा परत हवे होते.

रविवारचं काम माझ्याकडे आलं. बाबा खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकायचे. "रेषेनं जा. पुन्हा आडवा गेला बघ हात." टेबलाला मधोमध एक भेग पडली होती. ती बुजवायचं त्यांनी मनात धरलं होतं, पण पटाशी हातात धरवेना. मी भेगेवर फळांची टोपली ठेवायला लागले, म्हणजे ती त्यांना दिसणार नाही. त्यांना ते कळत होतं.

खालच्या बाजूकडे मात्र माझं दुर्लक्ष झालं. खरं तर तेल दोन्ही बाजूंना लावावं लागतं, नाहीतर फळी एका अंगाला ओढली जाते. पण टेबलाखाली उताणं झोपून हात वर करून चोळायचं, म्हणजे माझ्या पाठीची पंचाईत. वर्षभर मी चालढकल केली. शेवटी एका रविवारी लाज वाटली, चटई टाकली, टॉर्च घेतला आणि आत सरकले.

जाळ्या असतील, धूळ असेल, लाकूड पांढुरकं पडलेलं असेल, अशी माझी तयारी होती.

खालची बाजू चमकत होती. वरच्या बाजूपेक्षा जास्त. झगमग नाही, तर आतून उजेड आल्यासारखी चमक, जी फक्त वर्षानुवर्षं थोडं थोडं तेल मुरवल्यावर येते. कोपरेसुद्धा सुटलेले नव्हते. कडीच्या स्क्रूंच्या खाचांत इवलासाही मळ नव्हता. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासते. ओरखडा शोधणं हेच माझं काम. मला तिथे एकही सापडला नाही.

३

साहजिकच मला बाबांचा राग आला.

"या वयात टेबलाखाली शिरता? पडलात म्हणजे?"

बाबांनी कानांवर हात ठेवले. मी ऐकेना, तेव्हा म्हणाले, "हात लावू दे मला." त्यांना खुर्चीतून खाली बसवलं, तिथून त्यांनी हात आत घातला. थरथरता तळवा खालून फळीला टेकला. बराच वेळ तसाच राहिला.

"हा माझा हात नाही, पोरी," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला आहे."

त्यांचे डोळे भरून आले होते. हेव्यानं नाही. चांगलं गाणं ऐकून येतात तसे.

नवऱ्याला विचारायचं म्हणजे हसण्यावारी नेणार. तरी विचारलं. "मी?" तो म्हणाला. "मी माझे बूट पुसत नाही, मेहुणीची पाठ कशाला पुसू?" ते मात्र खरं होतं.

मग मी माझ्या पद्धतीनं तपासायचं ठरवलं. भिंगांवर खुणा करायचं आमचं एक पेन असतं, खरवडल्याशिवाय ती शाई निघत नाही. खालच्या बाजूला, कडीपासून हातभर अंतरावर, मी एक बारीकशी फुली मारली. दोन दिवसांनी कामावरून आल्यावर बघितलं. फुली नव्हती. लाकूड खरवडलेलंही नव्हतं.

आणि भेग बुजलेली होती. खालून कुणीतरी तिच्यात लाकडाचा छोटा तुकडा आडवा बसवला होता, मधे बारीक, दोन्ही टोकांना रुंद, म्हणजे भेग पुन्हा उघडायची नाही. जोड नखाला लागत नव्हता. तुकड्यातल्या रेषा शेजारच्या फळीच्या रेषांना अशा जुळवल्या होत्या की भिंग लावूनच मला तो दिसला. मी वर येऊन टोपली बाजूला केली. वरूनही भेग मिटली होती.

घाबरायला हवं होतं. घाबरलेही, पण नंतर. आधी मी तोंडात बोट घालून बघत राहिले, की कुणाला इतकं चांगलं कसं जमतं.

४

पुढच्या रविवारी मी पुसून झाल्यावर बाबा उठून आले. "ठोकायचं काम मी करतो," म्हणाले. ठोकायला हात स्थिर लागत नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती, दोन जलद आणि एक सावकाश. टक टक, टक. कान देऊन ऐकायचं, वीतभर सरकायचं, पुन्हा टक टक, टक.

टेबलाच्या मध्यावर आले तेव्हा उत्तर आलं. टक टक, टक. खालून.

नवरा पेपर वाचत होता. "मेहुणी बोलायला लागली!" तो म्हणाला, पण पेपर खाली ठेवून. आम्ही वाकून बघितलं. चटई, चार पाय, आमचे पाय. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे खिळा ठोकत असतील, असं मी म्हटलं. पाण्याच्या पाइपात हवा धरली असेल, असं नवऱ्यानं म्हटलं. दोघांनीही एकमेकांचं पटवून घेतलं.

बाबा हसत होते. वर्षभरानं हसत होते. "भरीव आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते आमच्यासोबत जेवायला बसले.

त्यानंतर आम्ही कामाला गेलो की दुपारी बाबा टेबलाखाली जायला लागले. मी खूप बोलले, पण जित्याची खोड. मी चटईवर गादी घातली, उशी दिली. तक्रार कोणत्या तोंडानं करणार? माणूस पोटभर खात होता. कानामागे पेन्सिल परत आली होती. आणि एका संध्याकाळी त्यांनी मला चहा करून दिला, कप काठोकाठ भरून, आणि बशीत एक थेंब नव्हता.

"हात..." मी म्हटलं.

"शिकतोय पुन्हा," बाबा म्हणाले. "धरावं कसं, तेच मी विसरलो होतो."

"कुणाकडून शिकताय?"

त्यांनी बशी सरळ केली. "चहा निवतोय तुझा."

मी बाल्कनीत कपडे काढायला गेले. दोरीवर तेलाची फडकी वाळत होती, नेमानं पसरलेली. एक आमचं, नवऱ्याच्या जुन्या बनियनचं. दुसरं जाड्याभरड्या विणीचं, चारी कडा हातानं दुमडून शिवलेलं. असं कापड आमच्या घरात कधीच नव्हतं. शिवण फार सुंदर होती. मी ते तसंच दोरीवर राहू दिलं.

५

गोष्ट लक्षात आणून दिली ती नवऱ्याच्या थट्टेनं. जेवताना त्याचा चमचा खाली पडला, तो उचलायला वाकला आणि तिथूनच म्हणाला, "कडी काय चकाचक आहे! पण काय गं, कडी तर दाराच्या आतल्या बाजूला असते ना? म्हणजे आत ते लोक, आणि आपण इतकी वर्षं बाहेर उभं राहून जेवतोय."

तो हसत वर आला. माझा घास हातातच राहिला.

कडी आत असते. ती लावायची की उघडायची, हे आतल्या माणसाच्या हातात. बाहेरच्याला फक्त ठोकता येतं. आणि आम्ही दर महिन्याला, न चुकता, सगळ्या दारावर ठोकत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. पेचकस घेतला आणि बाबांसमोर गादीवर बसले.

"कडी काढते, बाबा. तुमच्या वस्तादांनी सांगितलं होतं तेच बरोबर."

 बाबांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, तळवे वर, लहान मुलं नखं दाखवतात तसे. हात एकदम स्थिर होते. नखांत तेल होतं.

"वर्षभर मी भिंतीला लावून ठेवलेल्या फळीसारखा होतो," ते म्हणाले. "ना कामाचा, ना जळणाचा. तुला दिसत होतं ते. आता मला काम आहे."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तिकडचं काम बघितलंस ना तू? असं काम करणारा माणूस वाईट असेल?"

 मलाही त्यांच्यासारखंच वाटत होतं. मी पेचकस ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. लहानपणापासून बाबांनी मला एकच गोष्ट पक्की शिकवली होती, की चांगल्या कामापुढे हात जोडावेत. मी जोडले.

६

बुधवारी दुकानातली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. स्वच्छ ऊन होतं. मी किल्लीनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले.

स्वयंपाकघरातून फडक्यांचा आवाज येत होता. दोन फडकी. एक जात होतं तेव्हा दुसरं येत होतं, एक फेर जास्त नाही, एक कमी नाही. जोडीनं काम करणाऱ्या दोन माणसांचा तो आवाज मी बाबांच्या कारखान्यात ऐकत वाढले. काही क्षण मला तो ऐकून बरंच वाटलं.

टेबलाशेजारी बाबांच्या चपला होत्या. एकमेकींना चिकटून, टोकं टेबलाकडे, कुणाच्या घरी जाताना बाहेर काढतात तशा. टेबलावर त्यांचा चष्मा घडी घालून ठेवलेला. मी गुडघे टेकले आणि खाली वाकले.

टेबलाखाली ऊन पोचत नाही. तरी तिथे उजेड होता. फळीची एक कड चौकटीपासून बोटभर सुटली होती आणि त्या फटीतून तो येत होता, पिवळा, दुपारचाच, पण आमच्या दुपारचा नाही. आता एकच फडकं फिरत होतं, आणि बाबांचा हात त्यावर सपाट होता. आणि त्यांच्या हातावर दुसरा हात होता.

म्हातारा, रुंद, पेरांशी गाठी आलेला, तेलानं काळवंडलेला. बाबांचा हात त्यानं वरून असा धरला होता जसा बाबा चार वर्षांच्या माझा धरायचे, जोर आपला आणि दिशाही आपली, पण काम मुलीनं केलं असं वाटावं इतक्या अलगद. रेषेनं जात होता, परत येत होता. एकदाही आडवा गेला नाही. त्याच्या मनगटाच्या पलीकडे काय होतं ते मी बघितलं नाही. मला हातच बघायचा होता. इतका सुंदर हात मी जन्मात पाहिला नव्हता.

हात पुढे केला असता तर बाबांचा पाय माझ्या हाती आला असता. तेवढंच अंतर होतं. मी बघत राहिले.

"बाबा," शेवटी मी म्हटलं.

"आलो," बाबा म्हणाले. पण ते मला म्हणाले नव्हते.

फट रुंद झाली. मग ती बंद झाली. कडी आवाज न करता सरकते, हे मी आधीच सांगितलं आहे. मला फक्त ती थांबल्याचा आवाज आला.

टेबलाखाली गादी होती, उशी होती आणि बनियनचं फडकं होतं.

७

शोध सगळा झाला. तक्रार झाली, फोटो वाटले, दवाखाने पालथे घातले. म्हातारी माणसं अशी निघून जातात, असं सगळे म्हणाले. अनवाणी? चष्म्याशिवाय?  नवऱ्याला मी जे पाहिलं ते सांगितलं. त्यानं थट्टा केली नाही, त्यावरूनच मला कळलं की त्यानं ते मानलं. तो करवत घेऊन आला. आम्ही दोघं टेबलाशी उभे राहिलो, त्यानं पातं कडेला लावलं आणि म्हणाला, "त्यांना परत यायला दुसरं दार नसेल ना गं तिकडे?" मग त्यानं करवत परत नेऊन ठेवली.

पहिला रविवार अजून टेबलाचा असतो. ब्रश, पिळलेलं फडकं, अर्धा तास. मग मी ठोकते, टक टक, टक. उत्तर येतं. आधी ते भारी, सावकाश यायचं. आता दोन येतात, आणि दुसरं मी झोपेतही ओळखीन. त्यात कंप नाही. मी टेबलावर कान ठेवते आणि रडते, आणि खरं सांगायचं तर मला आनंदही होतो.

गेल्या रविवारी खूप दिवसांनी चटई टाकून खाली गेले. खालची बाजू आता दोघांच्या हातची आहे, आणि कुठे एकाचं संपतं नि दुसऱ्याचं सुरू होतं ते मलासुद्धा सांगता येत नाही. बाबांचं काम इतकं चांगलं कधीच नव्हतं.

फक्त कडेला, माझा हात सहज पोचेल अशा जागी, त्यांनी वीतभर पट्टी कोरडी सोडली आहे.

मी अजून तिला हात लावलेला नाही. कडी उघडी आहे.